एमएलएच१ आणि पीएमएस२ 'लॉस': रिपोर्टातल्या या ओळीचा अर्थ, आणि घरच्यांनी पुढे काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकट्या भावाचं, वय ४१, मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. गाठ दुसऱ्या स्टेजची, लिम्फ नोड सगळे स्वच्छ. रिपोर्टाच्या शेवटी लिहिलंय: 'एमएलएच१ लॉस, पीएमएस२ लॉस, एमएसएच२ व एमएसएच६ रिटेन्ड, डिफिशियंट एमएमआर.' डॉक्टर म्हणाले केमो बहुधा लागणार नाही, त्यामुळे घरात सुटकेचा श्वास टाकला गेला. पण ही ओळ कुणी समजावून सांगितली नाही. आईची पिशवी पन्नाशीच्या आत काढली होती, कशासाठी ते कुणाला नीट ठाऊक नाही. एक मामा पोटाच्या कॅन्सरने गेला. विचारणाऱ्या ताई ४५ वर्षांच्या आहेत, मुलगी १९ ची, मुलगा १५ चा. त्या विचारतात: हे आनुवंशिक आहे का, मी तर लग्न होऊन दुसऱ्या घरची झाले, मलाही तपासणी लागेल का, आणि मुलांना?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या गाठींच्या स्लाइड बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, आणि नेमकी हीच ओळ मी स्वतः रिपोर्टात लिहिते. ताई, आधी थेट उत्तर: हो, तुम्हाला तपासणी लागण्याची शक्यता बरीच आहे. पण पहिला नंबर तुमचा नाही. आधी भावाच्या गाठीवर आणखी एक चाचणी, मग भावाचं रक्त, आणि त्यात काही सापडलं तर तुम्ही. या क्रमात उलटापालट केली की पैसे जातात आणि हाती गोंधळ येतो. त्या ओळीत दोन निरोप आहेत. एक भावाच्या उपचाराबद्दलचा, तो तुमच्या डॉक्टरांनी बरोबर वाचला. दुसरा तुम्हा सगळ्यांबद्दलचा, आणि तो बहुतेक घरांत फाइलीत तसाच पडून राहतो. हे उत्तर एवढं लांब लिहिण्याचं कारण तो दुसरा निरोप आहे.

एमएमआर म्हणजे मिसमॅच रिपेअर. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएची सुमारे ६ अब्ज अक्षरं असतात, निम्मी आईकडची, निम्मी वडिलांकडची. पेशी दुभंगायच्या आधी ही सगळी उतरवून काढावी लागतात. आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांत नवं होतं, म्हणजे तिथे हे उतरवणं अखंड चालू असतं. पॉलिमरेझ नावाचं एन्झाइम ते करतं. त्याच्याकडून लाखात एखादं अक्षर चुकीचं बसतं; त्यातली बहुतेक ते स्वतःच मागे वळून काढून टाकतं, त्यामुळे प्रमाण कोटीत एकावर येतं. तरी ६ अब्जांत शेकडो चुका उरतातच. त्या शोधून दुरुस्त करणं हे एमएमआरचं काम. ते झालं की चुकांचं प्रमाण अब्जात एकाच्या आसपास उतरतं.

काम चालतं जोडीजोडीने. एमएसएच२ आणि एमएसएच६ ही दोन प्रथिनं एकमेकांना धरून ताज्या डीएनएवरून सरकत जातात. डीएनएची अक्षरं चार: ए, टी, जी, सी. 'जी'समोर 'सी' असायला हवा तिथे 'टी' आला असेल तर ती जागा नीट बसत नाही, आणि ही जोडी तिथे थांबते. मग एमएलएच१ आणि पीएमएस२ ही दुसरी जोडी येते आणि नव्या धाग्याला छेद देते. त्या छेदापासून चुकीच्या अक्षरापर्यंतचा तुकडा काढून टाकला जातो, रिकामी जागा पुन्हा भरली जाते, टोकं जोडली जातात. दुरुस्ती नव्या धाग्याचीच व्हायला हवी, जुन्याची झाली तर चूकच कायम होईल. जिवाणू हा फरक कसा ओळखतात आणि पुढची दुरुस्ती कोणत्या पायऱ्यांनी होते, हे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या पॉल मॉडरिच यांनी परीक्षानळीत एकेक प्रथिन जुळवत उलगडलं. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना टोमास लिंडाल आणि अझीझ सँकार यांच्यासह मिळालं.

ही यंत्रणा बंद पडली की सगळ्यात आधी बिघडतात त्या डीएनएमधल्या एकसुरी जागा: एकच अक्षर आठ-दहा वेळा लागोपाठ, किंवा सीए सीए सीए असं पुन्हा पुन्हा. जपमाळ ओढताना मन भरकटलं की एखादा मणी सुटतो किंवा तोच मणी दोनदा मोजला जातो, तसं पॉलिमरेझचं इथे होतं. अक्षर कमी पडतं किंवा जास्तीचं येतं. अशा जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात, आणि त्यांची लांबी गाठीत बदललेली दिसली की रिपोर्टात 'एमएसआय हाय' असं लिहून येतं. तुमच्या भावाच्या रिपोर्टातला 'डिफिशियंट एमएमआर' आणि हा 'एमएसआय हाय' ही एकाच दोषाची दोन बाजूंनी केलेली नोंद आहे. एक प्रथिन बघते, दुसरी त्या प्रथिनाच्या गैरहजेरीचा परिणाम.

आता एवढ्याने कॅन्सर का व्हावा? कारण अशा एकसुरी जागा काही महत्त्वाच्या जीन्सच्या ऐन मधे आहेत. टीजीएफबीआर२ या जीनमध्ये ए हे अक्षर सलग १० वेळा येतं. आतड्याच्या पेशीला 'आता वाढ थांबव' हा संदेश ऐकू यावा म्हणून लागणारं प्रथिन या जीनवरून बनतं. त्या दहातला एक ए गळाला की पुढची सगळी वाचणी सरकते आणि प्रथिन अर्धवट बनतं. पेशीला थांबण्याचा संदेश पोचत नाही. असे घाव एका पेशीत एकापाठोपाठ एक बसत जातात. म्हणून साध्या मार्गाने पॉलिपचा, म्हणजे अस्तरावर उगवलेल्या छोट्या गाठीचा, कॅन्सर व्हायला साधारण दशक लागतं, तर या मार्गाने ते अंतर दोन-तीन वर्षांवरही येऊ शकतं. हा वेग लक्षात ठेवा, पुढे कोलोनोस्कोपीच्या वेळापत्रकात तो पुन्हा येणार आहे.

भावाच्या स्लाइडवर मी काय बघितलं असतं, तेही सांगते. पॅराफिनमध्ये, म्हणजे मेणात, बसवलेल्या गाठीचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घेतला जातो आणि त्यावर एमएलएच१ ला चिकटणारी अँटिबॉडी टाकली जाते. प्रथिन जिथे आहे तिथे केंद्रक तपकिरी होतं, नाही तिथे निळं राहतं. अशा चार काचा, चार प्रथिनांच्या. एमएलएच१ च्या काचेवर गाठीच्या ग्रंथी ओळीने निळ्याच निळ्या दिसतात, एकही तपकिरी केंद्रक नाही. आणि त्याच ग्रंथींच्या भिंतीत घुसलेली, बारीक, गोल, गडद तपकिरी केंद्रकं दिसतात. त्या रुग्णाच्या स्वतःच्या लिम्फोसाइट्स, रोगप्रतिकारक पेशी. त्या तपकिरी असणं फार गरजेचं आहे. त्याही निळ्या असतील तर रंगच नीट चढलेला नाही, आणि 'लॉस' लिहिण्याचा अधिकार मला नाही. काच परत करायची.

रंग न चढण्याचं सर्वांत मोठं कारण प्रयोगशाळेच्या बाहेर असतं. काढलेलं आतडं वेळेवर, उघडून, भरपूर फॉर्मॅलिनमध्ये ठेवलं नाही, छोट्या डब्यात कोंबून दुसऱ्या दिवशी पोचवलं, की आतला भाग सडायला लागतो आणि ही प्रथिनं आधी जातात. मग अर्धवट, ठिपक्याठिपक्यांचा रंग दिसतो. त्यावर नाइलाजाने कुणी 'लॉस' लिहिलं तर एका निरोगी कुटुंबाच्या डोक्यावर कायमची टांगती तलवार येते. शंका असेल तर ऑपरेशनपूर्वीच्या छोट्या बायोप्सीवर चाचणी पुन्हा करावी. लहान तुकडा फॉर्मॅलिनमध्ये लवकर मुरतो, त्यामुळे तिथे रंग जास्त विश्वासाचा येतो. किंवा गाठ आणि शेजारचा निरोगी भाग घेऊन पीसीआरने एमएसआय तपासावं. भावाच्या रिपोर्टात 'इंटर्नल कंट्रोल पॉझिटिव्ह', म्हणजे त्याच्या निरोगी पेशी तपकिरी झाल्या होत्या, असं लिहिलंय का, एवढं बघून घ्या.

एमएलएच१ आणि पीएमएस२ दोन्ही गेलेले दिसतात म्हणजे दोन दोष, असं नाही. पीएमएस२ ला एमएलएच१ शिवाय तग धरता येत नाही, जोडीदार गेला की तेही पेशीत टिकत नाही. एमएसएच२ गेलं की एमएसएच६ त्याच्यासोबत जातं. उलट पीएमएस२ किंवा एमएसएच६ एकटं गेलं तर त्यांचे जोडीदार सहसा टिकून राहतात. म्हणजे भावाच्या गाठीत मूळ बिघाड एमएलएच१ चा आहे.

आणि इथेच थांबायला हवं, कारण एमएलएच१ बंद पडण्याच्या दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपैकी साधारण १५ टक्क्यांत एमएमआर बिघडलेलं असतं. त्यातल्या बहुसंख्य गाठी आनुवंशिक नसतात. तिथे जीन शाबूत असतो, पण त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइलचे गट चढून तो मुका झालेला असतो. हे वयानुसार होतं, सत्तरीच्या बायकांमध्ये, उजव्या बाजूच्या गाठीत फार दिसतं, आणि ते मुलांकडे जात नाही. अशा गाठींत बऱ्याचदा बीआरएएफ जीनमधला व्ही६००ई हा बदलही असतो. म्हणून एमएलएच१ लॉस आला की पुढची पायरी ठरलेली: गाठीवर बीआरएएफ आणि एमएलएच१ प्रमोटर मिथायलेशन (प्रमोटर म्हणजे जीनचा तोच सुरुवातीचा भाग). बीआरएएफचा तो बदल सापडला तर आनुवंशिकता जवळपास बाद होते. सापडला नाही म्हणून ती सिद्धही होत नाही, मग मिथायलेशन बघावं लागतं. (गर्भाशयाच्या गाठीत बीआरएएफचा उपयोग नाही, तिथे थेट मिथायलेशनच करायचं.) तुमच्या डॉक्टरांना आधी हे विचारा: 'मिथायलेशन केलंय का?' बहुधा अजून झालेलं नसेल.

दुसरी वाट म्हणजे लिंच सिंड्रोम. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपैकी सुमारे ३ टक्के यातून येतात. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ यांपैकी एकाची सदोष प्रत जन्मापासून प्रत्येक पेशीत असते, आई किंवा वडिलांकडून आलेली. दुसरी प्रत चांगली असते आणि ती एकटी काम निभावते, म्हणून माणूस जन्मभर ठणठणीत दिसतो. आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही गेली की त्या पेशीपुरती दुरुस्ती बंद. पाश्चात्त्य देशांतल्या अंदाजांनुसार साधारण ३०० माणसांत एक जण अशी प्रत घेऊन फिरतो. त्यातल्या बहुतेकांना ते माहीत नसतं.

तुमच्या भावाचं वय ४१. या वयात मिथायलेशनची वाट कमी आणि लिंचची जास्त संभवते. त्यात आईची पिशवी आणि मामा. मी तुमच्या समोर बसले असते तर रिपोर्ट बाजूला ठेवून आधी या दोघांबद्दलच तासभर विचारलं असतं.

आपल्या घरांत कॅन्सरचा इतिहास कधीच सरळ सांगितला जात नाही. 'पोटात पाणी झालं होतं', 'आतडं अडकलं होतं', 'अंगावरून फार जायचं म्हणून पिशवी काढली'. यातली प्रत्येक गोष्ट साधी असू शकते. आपल्याकडे पिशव्या किती सहज काढल्या जातात ते मला ठाऊक आहे, फायब्रॉइडसाठीही काढतात. पण लिंच कुटुंबात बाईला होणारा पहिला कॅन्सर कितीतरी वेळा गर्भाशयाच्या अस्तराचाच असतो, आतड्याचा नंतर येतो. म्हणून आईचं जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा. ट्रंकेत, कपाटावरच्या बॅगेत, मोठ्या मावशीकडे. त्यावर 'एंडोमेट्रियल कार्सिनोमा' किंवा नुसतं 'सीए एंडोमेट्रियम' असं लिहिलेलं सापडलं तर चित्र पुष्कळ स्पष्ट होतं. कार्ड नसेल तर मावशीला तीनच गोष्टी विचारा: ऑपरेशननंतर शेक, म्हणजे रेडिएशन, दिले होते का, ऑपरेशन कुठे झालं, आणि नंतर तपासणीला किती वर्षं जात होती. फायब्रॉइडच्या ऑपरेशननंतर रेडिएशन देत नाहीत. मामाचंही तसंच. 'पोटाचा' म्हणजे जठर, आतडं, की लिव्हरमध्ये पसरलेलं काही?

आणि तुमचा तो प्रश्न, 'मी दुसऱ्या घरची झाले'. वंशवृक्ष मांडायला बसवलं की लोक भाऊ, काका, चुलते भराभर सांगतात. आत्या आणि लग्न झालेल्या बहिणी अर्ध्या तासाने आठवतात, त्यांची मुलं तर नाहीतच. हा दोष मुलगा-मुलगी बघत नाही. भावाला जितकी शक्यता, तितकीच तुम्हाला: आईकडे ती प्रत असेल तर प्रत्येक मुलाला ५० टक्के. तो वडिलांकडूनही येतो, म्हणजे एखाद्या बाईच्या गर्भाशयाच्या कॅन्सरचं मूळ तिच्या निरोगी वडिलांच्या बाजूला असू शकतं. मावशीची मुलं, मामाची मुलं ही सगळी या यादीत येतात.

कुटुंबाकडे असं बघण्याची सुरुवात १८९५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात झाली. ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला त्यांच्या ओळखीच्या शिवणकाम करणाऱ्या एका बाईने सांगितलं की माझ्या घरचे सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. वॉर्थिननी तिचं म्हणणं बाजूला सारलं नाही, तिच्या घराण्याचा आलेख काढला आणि १९१३ मध्ये तो छापला. ती बाई पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. साठच्या दशकात ओमाहाच्या हेन्री लिंच यांनी अशीच इतर कुटुंबं गोळा केली, तेव्हा बहुतेक सहकारी त्यांना हा पर्यावरणाचा परिणाम असेल असं सांगत होते. १९९३ मध्ये एमएसएच२ जीन सापडला, १९९४ मध्ये एमएलएच१. वॉर्थिनच्या त्या कुटुंबातला दोष एमएसएच२ मध्ये होता, हे शतकभराने कळलं. पॅथॉलॉजिस्ट म्हणून मला वॉर्थिनबद्दल फार आदर वाटतो. कुठलीही चाचणी हाताशी नसताना त्यांनी घरातल्या बाईचं बोलणं पुरावा म्हणून घेतलं.

आता भावाच्या रक्ताबद्दल. मिथायलेशन नसेल तर जर्मलाइन चाचणी, म्हणजे जन्मापासूनचा दोष रक्तात शोधणारी चाचणी, करायची. एक बारकावा: या वयात मिथायलेशन सापडलं तरी मी फाइल लगेच मिटवणार नाही, क्वचित तो बदल रक्तातही असतो आणि ते वेगळं प्रकरण आहे. चाचणी मागवताना चारही एमएमआर जीन्स आणि एपकॅम (एमएसएच२ च्या शेजारचा जीन, त्याच्या बिघाडाने एमएसएच२ बंद पडू शकतो) त्यात आहेत का, आणि मोठे गळालेले तुकडे पकडण्याची सोय आहे का, हे विचारून घ्या. फक्त अक्षरं वाचणारी स्वस्त चाचणी असे तुकडे चुकवू शकते. चाचणीआधी जेनेटिक कौन्सेलरला भेटा. मुंबईत टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे, आणि पुण्या-मुंबईतल्या इतर मोठ्या रुग्णालयांतही कौन्सेलर भेटतात.

निकाल तीन प्रकारे येऊ शकतो. रोगकारक बदल सापडला, तर लिंच नक्की, आणि तुमच्यासाठी तेवढाच एक बदल शोधायचा. ती चाचणी सोपी आणि स्वस्त असते, आणि तुमचा निकाल निगेटिव्ह आला तर तो खरोखरचा निगेटिव्ह असतो: तुम्हाला धोका इतर कुणाइतकाच, आणि तुमच्या मुलांची तुमच्या बाजूने सुटका. म्हणूनच आधी भाऊ. त्याचा बदल ठाऊक नसताना तुमचं रक्त तपासलं आणि काही सापडलं नाही, तर त्या 'नाही'ला काही अर्थ नाही. दुसरा निकाल म्हणजे अर्थ न लागलेला बदल, ज्याला व्हीयूएस म्हणतात. त्यावरून कुणाची पिशवी काढू नका, कुणाला निर्धास्तही करू नका. आपल्या लोकांचा जनुकीय विदा जगाच्या साठ्यात कमी आहे, त्यामुळे आपल्याकडे असे निकाल जास्त येतात. दोनेक वर्षांनी लॅबला पुन्हा विचारायचं, बऱ्याच वेळा त्याचं वर्गीकरण बदललेलं असतं. तिसरा निकाल काहीच न सापडण्याचा. तेव्हा गाठीतच दोन्ही प्रती आयुष्यात नंतर बिघडल्या असण्याची शक्यता असते, आणि ते गाठीचं सीक्वेन्सिंग करून, म्हणजे तिच्या डीएनएची अक्षरं वाचून, कळतं.

समजा तुमच्यात एमएलएच१ चा दोष निघाला. युरोपीय कुटुंबांच्या मोठ्या नोंदींवरून, पंच्याहत्तरीपर्यंत आतड्याच्या कॅन्सरचा धोका ढोबळपणे ५० टक्क्यांच्या आसपास, गर्भाशयाचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त, बीजांडकोशाचा दहाएक टक्के. पीएमएस२ मध्ये हेच आकडे खूप खाली असतात, आतड्याचा १० टक्क्यांच्या जवळपास. म्हणून 'लिंच आहे' एवढं सांगून भागत नाही, कोणता जीन ते सांगावं लागतं. हे आकडे ऐकून घाबरायला होतं, पण या आजाराइतका पाळत ठेवण्याजोगा आनुवंशिक कॅन्सर दुसरा क्वचितच असेल. कोलोनोस्कोपीत पॉलिप दिसतो आणि तिथल्या तिथे काढता येतो. फिनलंडच्या एका जुन्या अभ्यासात दर तीन वर्षांनी कोलोनोस्कोपी करणाऱ्या लिंच कुटुंबांत १५ वर्षांत आतड्याचा कॅन्सर ६२ टक्क्यांनी कमी झाला. मघाशी सांगितलेल्या वेगामुळे आता एमएलएच१ आणि एमएसएच२ वाल्यांना २० ते २५ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी करायला सांगतात. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन तिची जागा घेऊ शकत नाही. पोट साफ करायच्या औषधाला कंटाळून लोक ती टाळतात, हे मला कळतं. तरी टाळू नका.

गर्भाशयासाठी इतकी खात्रीची पाळत नाही. पाळीच्या मधे रक्त, पाळी गेल्यावर एक ठिपकासुद्धा, तर लगेच बायोप्सी. 'वय झालं की होतं असं' हे कुणाचंही ऐकायचं नाही. तुमचं वय ४५ आहे आणि मुलं मोठी आहेत, म्हणजे दोष सापडला तर गर्भाशय आणि बीजांडकोश काढून टाकण्याचा विषय तुमच्यासमोर येईल, आणि एमएलएच१ मध्ये मी तो गांभीर्याने घ्या म्हणेन. पण चाचणीच्या आधी, नुसत्या भीतीने, अजिबात नाही.

अ‍ॅस्पिरिनबद्दलही बोलायला हवं. ब्रिटनच्या जॉन बर्न यांच्या कॅप२ अभ्यासात ८६१ लिंच रुग्णांना रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा नकली गोळी किमान दोन वर्षं दिली. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात अ‍ॅस्पिरिन गटात ९ टक्क्यांना आतड्याचा कॅन्सर झाला, दुसऱ्या गटात १३ टक्क्यांना. फायदा खरा आहे, पण जठरातून रक्तस्राव, अल्सर, इतर औषधं हे सगळं बघून डॉक्टरांनीच ठरवायचं.

मुलांसाठी घाई नाही. १५ वर्षांच्या मुलाची चाचणी आत्ता करू नका. अठरानंतर तो स्वतः ठरवेल, आणि पाळत विशीच्या पुढेच सुरू होते. मुलगी १९ ची आहे, तिला सगळं सांगा, निर्णय तिचा. याला अपवाद एकच. मराठवाड्यात, दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अजून आहे. नवरा-बायको दोघांकडे तीच सदोष प्रत असेल तर प्रत्येक मुलाला चारांत एक शक्यता की दोन्ही प्रती सदोष येतील. त्या मुलांना लहानपणीच मेंदूच्या गाठी, रक्ताचे कॅन्सर, दहा-बारा वर्षांचं असताना आतड्याचा कॅन्सर होऊ शकतो, आणि अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग असतात, जे बघून बऱ्याचदा न्यूरोफायब्रोमॅटोसिस म्हटलं जातं. तुमच्या आईच्या माहेरच्या नात्यात असं लग्न झालेलं असेल तर कौन्सेलरला पहिल्या भेटीतच सांगा.

भावाच्या केमोबद्दल तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. दुसऱ्या स्टेजच्या डिफिशियंट एमएमआर गाठी ऑपरेशननंतर सहसा चांगल्या राहतात, आणि नुसत्या फ्लुरोयुरॅसिल किंवा कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी त्यांना फायदा होत नाही. इतर कुणी 'सेफ्टी म्हणून' गोळ्या सुचवल्या तर रिपोर्टातली ही ओळ दाखवा. तिसऱ्या स्टेजचं गणित वेगळं, ते इथे लागू नाही.

आणि आजार कधी परत आला तर? ग्रंथींत घुसलेल्या त्या तपकिरी लिम्फोसाइट्स आठवा. दुरुस्ती बंद पडलेल्या गाठीत इतके बदल साचतात की ती शरीराला परकी दिसू लागते. २०१५ च्या एका अभ्यासात अशा गाठींत सरासरी १,७८२ बदल मोजले गेले, इतर गाठींत ७३. रोगप्रतिकारक पेशी तिथे पोचलेल्याच असतात, गाठ त्यांना पीडी-१ नावाच्या खटक्याने रोखून धरते. तो खटका सोडवणारी औषधं इथे विलक्षण काम करतात. पसरलेल्या आजारात पेम्ब्रोलिझुमॅबने आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांत आजार तेवढा काळ आटोक्यात राहतो) केमोच्या ८.२ महिन्यांवरून १६.५ महिन्यांवर नेला. २०२२ मध्ये छापलेल्या न्यूयॉर्कच्या अभ्यासात गुदाशयाच्या अशा गाठी असलेल्या १२ रुग्णांना फक्त डोस्टारलिमॅब, असंच खटका सोडवणारं औषध, दिलं, बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली, ऑपरेशन वा रेडिएशन न करता. नेदरलँड्समध्ये मोठ्या आतड्याच्या गाठींवर ऑपरेशनपूर्वी अशीच दोन औषधं दिली, तर ६८ टक्के रुग्णांच्या काढलेल्या आतड्यात जिवंत कॅन्सर उरलाच नव्हता. आपल्याकडे या औषधांचा खर्च लाखांत जातो, ही मोठी अडचण आहे. म्हणूनच तर गाठ या गटात बसते की नाही हे नक्की ठाऊक असायला हवं. चार काचांची ही चाचणी त्या खर्चाच्या मानाने अगदी किरकोळ आहे, आणि मोठ्या आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या अस्तराच्या प्रत्येक कॅन्सरवर ती व्हावी असं माझं ठाम मत आहे. ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेने आतड्यासाठी २०१७ पासून आणि गर्भाशयासाठी २०२० पासून तशी शिफारसच केली आहे. फक्त घराण्याचा इतिहास बघून रुग्ण निवडायचे, तर आजच्या दोन-दोन मुलांच्या घरांत पुष्कळ लिंच कुटुंबं हातून निसटतील.

या आठवड्यात करायचं काम एकच. भावाचं ऑपरेशन जिथे झालं तिथल्या पॅथॉलॉजी विभागात जा आणि गाठीचा पॅराफिन ब्लॉक, सोबत निरोगी आतड्याचा ब्लॉक, कुठे ठेवलाय ते विचारा. ब्लॉक नंबर रिपोर्टाच्या वरच्या कोपऱ्यात असतो. मिथायलेशन, बीआरएएफ, पुढे लागलं तर सीक्वेन्सिंग, सगळं त्याच्यावर होणार आहे. अर्ज करून तो मिळतो. घरी आणलात तर थंड, कोरड्या जागी, उन्हापासून लांब ठेवा, मेण वितळता कामा नये. आईच्या ऑपरेशनचं रुग्णालय सापडलं तर तिचाही ब्लॉक आहे का विचारून बघा. वीस वर्षांपूर्वीच्या ब्लॉकवरही या चार काचा बऱ्याचदा चांगल्या निघतात.